वाचकांचे प्रश्न : खेळ सुरू होताच तापणारा प्रोसेसर

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षांपूर्वी सुटे भाग आणून जुळवलेला माझा डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा कोअर आय-५ १२४००एफ प्रोसेसर, त्याच्या खोक्यातच मिळालेला पंखा आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. मार्चमध्ये आम्ही सातपूरहून इंदिरानगरला राहायला आलो; सामानाच्या टेम्पोत कॅबिनेट आडवे ठेवून आणले. आता ते टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यात असते. हल्ली कोणताही मोठा खेळ सुरू केला की अर्ध्या मिनिटात प्रोसेसर नव्वदीपार जातो आणि ९९-१०० अंशांवर अडकून राहतो. पंखा घोंघावतो, चित्र अडखळते. एचडब्ल्यूइन्फो या तापमान आणि वेग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या वेळी वेग ४ गिगाहर्ट्‌झवरून ३.१ वर आलेला आणि प्रोसेसरचा वीजवापर ५८ वॉट दिसतो. नुसता डेस्कटॉप उघडा असतानाही तापमान ५८ असते. खोली वरच्या मजल्यावर असून भिंतीवरच्या घड्याळात दुपारी ३६ अंश दिसतात. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने प्रोसेसर आणि त्यावरचा पंखा यांच्यामधली पेस्ट वाळली असणार असे सांगून सहा-सात हजारांचा लिक्विड कूलर सुचवला आहे. हा उन्हाळ्याचा परिणाम असेल का? प्रोसेसर जळेल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : लिक्विड कूलर घेऊ नका; निदान पुढे सांगितलेली तपासणी होईपर्यंत तरी खिशात हात घालू नका.

आधी भीतीविषयी. तुमच्या प्रोसेसरसाठी इंटेलने ठरवलेली कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. तेथे पोहोचताच प्रोसेसर स्वतःचा वेग आणि व्होल्टेज उतरवून उष्णता कमी निर्माण करू लागतो. ४ गिगाहर्ट्‌झचे ३.१ झालेले तुम्ही पाहिलेत ते हेच, आणि चित्र अडखळते तेही त्यामुळेच. एवढे करूनही तापमान आवरले नाही, तर तो संगणक बंद पाडतो. म्हणजे जळण्याची भीती जवळपास नाही. पण रोज तासन्‌तास मर्यादेला टेकून काम करवून घेणे प्रोसेसरला किंवा त्याच्याभोवतीच्या मदरबोर्डच्या भागांना हिताचे नाही, आणि पैसे मोजून घेतलेला वेग वाया जातो तो वेगळाच.

आता उन्हाळ्याचा वाटा किती ते पाहू. हवेने थंड होणारी कोणतीही वस्तू खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. पंख्याचे काम खोली आणि प्रोसेसर यांच्यातले अंतर कमी ठेवण्याचे असते. ते अंतर, काम तेवढेच असेल तर, डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये जवळजवळ सारखेच राहते. नाशिकच्या थंडीत खोली २२ अंशांवर असेल आणि आज ३६ वर असेल, तर उन्हाळ्याच्या खात्यावर साधारण १४ अंश मांडता येतील, त्याहून अधिक नाही. म्हणून अशा पत्रांत मी नुसता तापमानाचा आकडा पाहत नाही, तर त्यातून खोलीचे तापमान वजा करून उरलेल्या अंशांना वीजवापराच्या वॉटने भागतो. तुमच्या बाबतीत १०० उणे ३६ म्हणजे ६४ अंश, आणि वीजवापर ५८ वॉट. म्हणजे दर वॉटमागे १ अंशाहून थोडी अधिक वाढ. खोक्यातला साधा पंखासुद्धा नीट बसलेला असेल तर हे प्रमाण अर्ध्या अंशाच्या थोडे पुढेमागे राहते, असा माझा अनुभव आहे. त्या हिशेबाने ३६ अंशांच्या खोलीत तुमचा प्रोसेसर सत्तरीच्या आसपास असायला हवा. शिवाय ५८ वॉट हा वेग उतरवल्यानंतरचा आकडा आहे, हे विसरू नका. याचा अर्थ प्रोसेसर काही जास्त वीज खात नाही. तो निर्माण करत असलेली माफक उष्णता त्याच्यापासून पुढेच जात नाही.

ती कोठे अडली आहे, हे तुमच्याच पत्रातल्या दोन गोष्टी सांगतात. पहिली गोष्ट म्हणजे अर्ध्या मिनिटात नव्वदी. कॅबिनेटमधली हवा कोंडल्यामुळे त्रास होत असेल तर तापमान रेंगाळत चढते. ग्राफिक्स कार्डाची उष्णता आत साठायला दहा-वीस मिनिटे लागतात आणि खेळ बंद केल्यावरही आकडा सावकाश उतरतो. हीटसिंक, म्हणजे पंख्याखालचा धातूचा ठोकळा, प्रोसेसरला नीट टेकलेला नसेल, तर मात्र आकडा उडी मारतो आणि खेळ थांबताच तितक्याच वेगाने खाली येतो, कारण नखाएवढ्या चिपमधली उष्णता साठवायला तिच्यावर धातूचे वजनच लागलेले नसते. दुसरी गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेला आहात आणि माझ्या मते उत्तर तिच्यातच आहे : टेम्पोत आडवे ठेवलेले कॅबिनेट.

तुमच्याकडचा हीटसिंक मदरबोर्डला स्क्रूने नव्हे, तर प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांनी धरलेला असतो. प्रत्येक खुंटीचे पांढरे टोक दुभंगलेले असते. ते मदरबोर्डच्या भोकातून पलीकडे जाते आणि वरची काळी पिन दाबली की ते फाकून अडकते. चारपैकी एक खुंटी पुरती अडकलेली नसली तरी पंखा फिरत राहतो, हीटसिंक वरून सरळच दिसतो आणि एक कोपरा केसाएवढा उचललेला राहतो. तेवढे पुरते. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता मीटर-केल्व्हिनमागे सुमारे ४०० वॉट, बऱ्या पेस्टची ५ ते १० वॉटच्या घरात, तर हवेची ०.०३ वॉटहूनही कमी असते. म्हणजे त्या फटीत शिरलेली हवा ही गोधडीच झाली. नाशिकच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांविषयी मी येथे काही लिहिणार नाही, पण सातपूर ते इंदिरानगर हा प्रवास एका सैल खुंटीला पुरेसा आहे.

तपासणी अशी करा. संगणक बंद करून भिंतीवरचे बटण बंद करा, सर्व वायर काढा आणि कॅबिनेट उजेडात घ्या. दोन्ही बाजूंची पाने उघडा. मदरबोर्डच्या मागच्या बाजूला, प्रोसेसरच्या बरोबर पाठीशी, बहुतेक कॅबिनेटमध्ये चौकोनी खिडकी कापलेली असते. टॉर्च मारून पाहिलेत तर चारही खुंट्यांची पांढरी टोके दिसतील. जे टोक फाकलेले आहे आणि ज्याच्या मधोमध काळी पिन आलेली आहे ते बसलेले. जे मिटलेले आहे किंवा बाकीच्यांपेक्षा कमी बाहेर आलेले आहे ते सुटलेले. हे पाहायला पाच मिनिटे लागतात आणि एक रुपया लागत नाही. दुरुस्तीवाल्याने कूलर सुचवण्याआधी ही पाच मिनिटे द्यायला हवी होती, असे मला वाटते.

खुंटी सुटलेली आढळली तर तिथल्या तिथे दाबून मोकळे होण्याचा मोह होईल. तो टाळा, कारण एकदा उचललेल्या पेस्टमध्ये हवेचे बुडबुडे राहतात. चारही काळ्या टोप्या त्यांच्यावरील बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवा आणि वर ओढा, पंख्याची वायर काढा आणि हीटसिंक किंचित डावी-उजवीकडे हलवत उचला. इंटेलच्या या सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या जागेत, प्रोसेसर लोखंडी चौकटीखाली धरलेला असल्यामुळे तो उपटून येण्याची भीती नाही. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या जुन्या एएम-४ सॉकेटवाल्यांनी मात्र आधी संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट मऊ करावी, मग वीज बंद करून हीटसिंक गोल फिरवत सोडवावा. सरळ ओढल्यास प्रोसेसर पिनांसकट हातात येतो आणि पिना वाकतात.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही पृष्ठभागांवरून पुसून काढा. नवी पेस्ट मधोमध लहान वाटाण्याएवढी ठेवा; तुमचा प्रोसेसर लांबट असल्याने ती थोडी लांबट ओढली तरी चालेल. पुरणपोळीवर तूप माखावे तशी ती माखणारे पुष्कळ भेटतात. पेस्टचे काम धातूच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म खळगे भरण्याचे आहे. जाड थर दिला तर दोन धातूंच्या मध्ये आपणच भिंत बांधतो. त्यानंतर चारही टोप्या बाणाच्या उलट दिशेला मूळ जागी आणा, हीटसिंक सरळ खाली ठेवा आणि खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबा : आधी एक कोपरा आणि त्याचा तिरका जोडीदार, मग उरलेले दोन. प्रत्येक वेळी कट्ट असा आवाज यायला हवा. मदरबोर्ड थोडा वाकल्यासारखा वाटेल. त्याने घाबरू नका, पण मागच्या खिडकीतून चारही टोके पुन्हा पाहिल्याशिवाय पाने लावू नका. पंख्याची वायर मदरबोर्डवर सीपीयू फॅन असे छापलेल्या जागीच लावा. नवा हीटसिंक बसवण्याची वेळ आली तर तळाची पारदर्शक पट्टी काढायला विसरू नका. हसू नका; काही वर्षांपूर्वी एका दुकानातून जुळवून आणलेला संगणक मी आठवडाभर त्या पट्टीसकट वापरला आणि दोष उन्हाळ्याला देत राहिलो.

एवढ्याने बहुतेक फरक पडेल. पण टेबलाचा तो कप्पा तुमचा दुसरा शत्रू आहे. आपल्याकडे घरोघरी अख्ख्या कॅबिनेटलाच सीपीयू म्हणतात आणि दिवाणखाना नीटनेटका दिसावा म्हणून त्याला दार लावतात. तुमचे ग्राफिक्स कार्ड पूर्ण भाराखाली १७० वॉटपर्यंत वीज घेते, त्यात प्रोसेसरचे साठेक वॉट मिळवा. साठ वॉटचे जवळपास चार जुने बल्ब कपाटात ठेवून दार लावून घेतल्यासारखे ते आहे. मागून बाहेर टाकलेली गरम हवा कप्प्यातच फिरून पुढून पुन्हा आत ओढली जाते, म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या दृष्टीने खोलीचे तापमान ३६ नसून पंचेचाळीसच्या वर असू शकते. कॅबिनेट बाहेर काढा आणि मागची बाजू भिंतीपासून किमान वीतभर दूर ठेवा. वेगळे टेबल शक्य नसेल तर कप्प्याची मागची फळी सुताराकडून काढून घ्या. जमिनीवर मात्र ठेवू नका. आपल्याकडच्या धुळीत पाटावर ठेवलेले कॅबिनेटसुद्धा जमिनीवरच्यापेक्षा कमी माखते.

हवेचा प्रवाह तपासायला उदबत्तीसारखे यंत्र नाही. संगणक चालू ठेवून पेटलेली उदबत्ती कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपासून चार बोटे दूर धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मागच्या पंख्याजवळ तो बाहेर ढकलला गेला पाहिजे. पुढूनही धूर बाहेर येत असेल तर कोणीतरी पंखा उलटा बसवला आहे. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या पट्ट्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, एवढे लक्षात ठेवून तो फिरवून घ्या. आणखी एक खात्री : खेळ वीस मिनिटे चालवून आकडा लिहून ठेवा, मग काचेचे पान काढून तेवढाच वेळ चालवा. पान काढल्यावर तापमान आठ-दहा अंशांनी उतरले तर कॅबिनेटचा श्वास कोंडलेला आहे. दोन-तीनच अंश उतरले तर दोष हीटसिंककडेच आहे. जाळ्यांवरची धूळ ब्रशने काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग बिघडते.

सॉफ्टवेअरच्या उपायांविषयी थोडक्यात. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा, असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. त्याने टर्बो वेग बंद होतो आणि तापमान खरेच झपाट्याने उतरते. पण तुमचा प्रोसेसर मग २.५ गिगाहर्ट्‌झच्या मूळ वेगाच्या वर जात नाही. परीक्षेच्या आठवड्यात काम चालवायला ते ठीक, उपचार म्हणून नाही. त्यापेक्षा खेळाच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या वेगाइतकी ठेवा. ७५ हर्ट्‌झचा मॉनिटर सेकंदाला ७५ हून अधिक चित्रे दाखवूच शकत नाही, आणि मर्यादा नसेल तर काही खेळ नुसत्या मेनूच्या पडद्यावरही शेकडो फ्रेम काढत बसतात.

खुंट्या पक्क्या आहेत, पेस्ट नवी आहे, कॅबिनेट मोकळे आहे आणि तरीही दर वॉटमागे वाढ एका अंशाच्या आसपासच राहिली, तरच नवा कूलर घ्या. तोही १२० मिलिमीटरचा एक पंखा आणि तीन-चार हीटपाइप, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या, असलेला साधा टॉवर कूलर. ६५ वॉटच्या वर्गातल्या प्रोसेसरला लिक्विड कूलर म्हणजे सायकलला ट्रकचे टायर. घेताना तो एलजीए १७०० सॉकेटसाठी आहे, असे खोक्यावर वाचून घ्या. आधीच्या सॉकेटमध्ये भोकांचे अंतर ७५ मिलिमीटर होते, तुमच्या मदरबोर्डवर ते ७८ आहे. तीन मिलिमीटरसाठी दुकानात दुसरी फेरी पडते.

प्रश्न : माझा प्रोसेसर रायझन ५ ७६००एक्स आहे. व्हिडिओ रेंडर करताना तो थेट ९५ अंशांवर जाऊन थांबतो. खेळताना मात्र सत्तर-ऐंशीच असतो. कूलर मोठा आहे. काही दोष असेल का?
— एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : दोष नाही. रायझन ७००० मालिकेतले एक्स अक्षराचे प्रोसेसर पूर्ण भार आला की ९५ अंशांपर्यंत जायचे आणि तेथे राहून मिळेल तितका वेग काढायचा, अशाच आखणीचे आहेत. मोठा कूलर लावला तर आकडा फारसा उतरत नाही, वेग मात्र थोडा वाढतो. उन्हाळ्यात खोली तापू नये असे वाटत असेल तर बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) किंवा एएमडीच्या रायझन मास्टर या प्रोग्रॅममध्ये ६५ वॉटचा इको मोड चालू करा. तापमान स्पष्ट उतरेल आणि खेळात वेगाची घट जाणवण्याइतकी नसेल.

प्रश्न : खेळ रंगात आला की माझा संगणक एकदम बंद पडतो, जणू कोणी प्लगच काढला. प्रोसेसर ७५ अंशांच्या वर कधीच गेलेला नाही, तरी दुकानदार तो तापतो म्हणूनच बंद पडतो असे म्हणतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद आहे. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०७०, यूपीएस ६०० व्हीएचा, चार वर्षांपूर्वीचा.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ४१ क्रमांकाची नोंद एवढेच सांगते की संगणक रीतसर बंद न होता बंद पडला. कारण ती सांगत नाही, त्यामुळे तिच्यावरून प्रोसेसरवर आरोप ठेवता येत नाही. ७५ अंशांवर कोणताही प्रोसेसर घाबरून बंद होत नाही. माझा संशय यूपीएसवर आहे. ६०० व्हीए असे खोक्यावर लिहिलेल्या घरगुती यूपीएसची क्षमता साधारण ३६० वॉट असते. तुमचे ग्राफिक्स कार्ड एकटेच २२० वॉट घेते आणि क्षणभर त्याच्याही वर उसळी मारते. प्रोसेसर, मॉनिटर आणि बाकीचे भाग मिळवले की ती मर्यादा गाठली जाते. शिवाय शेजारची मोटर सुरू होऊन व्होल्टेज क्षणभर पडले की यूपीएस बॅटरीवर जातो, आणि चार वर्षांची बॅटरी एवढा भार एक सेकंदही पेलत नाही. दोन दिवस संगणक यूपीएस सोडून, अर्थिंग नीट असलेल्या भिंतीच्या सॉकेटला थेट लावून खेळा. बंद पडणे थांबले तर १००० व्हीए किंवा अधिक क्षमतेचा यूपीएस घ्या. थांबले नाही तर पुढचा संशयित एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा. तो मित्राकडचा आणून, बदलून पाहिल्याशिवाय नवा विकत घेऊ नका.

प्रश्न : आमच्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आहे. तो थेट कॅबिनेटसमोर ठेवला तर प्रोसेसर थंड राहील का? दमटपणाने बिघाड होईल का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : खोलीत कूलर लावल्याने खोली पाच-सहा अंशांनी उतरली तर प्रोसेसरही जवळपास तेवढाच उतरेल, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत नाशिकला हा उपाय चांगला लागू पडतो. दमट हवेतले पाणी संगणकाच्या भागांवर जमत नाही, कारण ते भाग हवेपेक्षा गरम असतात. तरीही झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. वाळ्यातून उडणारे बारीक तुषार जाळीतून आत जातात आणि ते वाळल्यावर, विशेषतः पाणी बोअरचे असेल तर, क्षारांचा पांढरा थर मदरबोर्डवर मागे राहतो. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकी थोडी उघडी ठेवून लावा, आणि पहिला पाऊस पडला की तो बंद करा. हवेत ओल आली की ताट्यांतून जाणारी हवा थंड होणेच थांबते.